खुर्ची सोडल्याचं बक्षीस

मार्च संपत आला की आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमधल्या गप्पांचा विषय आपोआप बदलतो. क्रिकेट, सिनेमा, फ्लॅटचे भाव सगळं मागे पडतं आणि एकच विषय उरतो... अप्रेझल! कोणाला किती टक्के मिळाले, कोणाचं व्हेरिएबल कापलं गेलं, कोणाच्या बॉसने ऐनवेळी शेपूट घातलं. परवा अशाच गप्पा रंगल्या असताना एचआरमधली मैत्रीण म्हणाली, "तुम्ही दोन-तीन टक्क्यांसाठी रडताय. आफ्रिकेत माजी राष्ट्राध्यक्षाला चांगला कारभार केला म्हणून पन्नास लाख डॉलर देतात. रोख!"

टेबलावर एकच गलका झाला. "आपल्या नगरसेवकांना सांगा रे कोणीतरी!" "त्यांचं एवढ्यात भागेल का पण?" "म्हणजे चोरी न करण्याचा इन्सेन्टिव्ह म्हणा ना!" फायनान्सवाल्याने तर मोबाइल काढून रुपयांत हिशोबही करून टाकला. मग सगळे माझ्याकडे वळले. "तू दर आठवड्याला कॉलममधून जगाला शहाणपण शिकवतोस ना? मग बोल, द्यावेत का असे पैसे?"

मी म्हटलं, लिहून सांगतो. मत नव्हतं असं नाही. पण ते सांगायचं तर आधी महाडच्या एका फिल्टर प्रेसची गोष्ट सांगावी लागते, आणि ती जेवणाच्या टेबलावर सांगण्यासारखी नाही.

२००७ साल. केमिकल इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन मी महाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ट्रेनी म्हणून लागलो होतो. बरोबरचे मित्र पुण्यात, बंगलोरला आयटीत चिकटले होते, गळ्यात आयकार्ड घालून एसीत बसत होते. माझ्या नशिबी सेफ्टी शूज, हेल्मेट आणि अंगाला कायमचा चिकटलेला सॉल्व्हंटचा वास. महाड गावात एक खोली घेतली होती. सकाळी कंपनीची बस बिरवाडीच्या रस्त्याने आत शिरली की डोळे मिटूनही कळायचं, आता कुठल्या कारखान्यासमोरून चाललोय. प्रत्येकाचा वास वेगळा. पावसाळ्यात मात्र सगळं धुऊन निघायचं. असा पाऊस मी त्याआधी पाहिला नव्हता.

आमच्या गेटवर एक काळा फळा होता. 'अपघाताविना दिवस' असं रंगवलेलं आणि पुढे खडूने आकडा. सिक्युरिटीवाला रोज सकाळी तो पुसून एकने वाढवायचा. कंपनीने जाहीर केलं होतं की तीनशे दिवस पूर्ण झाले की मॅनेजरपासून ठेकेदाराच्या माणसापर्यंत सगळ्यांना सारखंच बक्षीस. रोख दोन हजार रुपये आणि स्टीलचा डिनर सेट. कल्पना चांगलीच होती हो! माणसं खरोखर हेल्मेट घालायला लागली, गॉगल शोधायला लागली. ते मी नाकारत नाही.

फळ्यावर २७१ असताना सेकंड शिफ्टला फिल्टर प्रेसवरच्या काकांचं बोट दोन प्लेटांमध्ये सापडलं. फिल्टर प्रेस म्हणजे एकामागे एक उभ्या लावलेल्या जाडजूड प्लेटा. त्यातून माल गाळला जातो, मग प्लेटा एकेक करून सरकवायच्या आणि मध्ये साठलेला केक खरवडून काढायचा. काका पन्नाशीचे, पोलादपूरकडच्या एका वाडीतून मिनिडोअरने यायचे. हे काम त्यांनी हजार वेळा केलं असेल. डाव्या हाताच्या तर्जनीचं वरचं पेर गेलं.

कायदा असं सांगतो की अपघातामुळे कामगार ४८ तास किंवा त्याहून जास्त काळ कामावर येऊ शकला नाही, तर कारखाना निरीक्षकाला कळवायचं. यातली पळवाट तुमच्या लक्षात आलीच असेल. माणूस कामावर 'आला' की झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीची जीप काकांच्या वाडीवर गेली. त्यांना आणून स्टोअरमध्ये खुर्चीवर बसवलं. हाताला बँडेज, समोर चहा. पुढचे तीन आठवडे ते रोज असेच येऊन बसले. मस्टरवर हजेरी लागली. लॉगबुकात नोंद करण्याचं काम ट्रेनीचं, म्हणजे माझं. मी लिहिलं, 'किरकोळ दुखापत. प्रथमोपचार केले.' खाली सही. तीही माझीच.

तुम्ही म्हणाल, वरून दबाव आला असेल. खरं सांगतो, मला कोणी काही बोललंच नाही. धमकी नाही, केबिनमध्ये बोलावणं नाही. मी आपणहून काकांकडे गेलो होतो विचारायला की नीट रिपोर्ट करू या का? तर तेच म्हणाले, "राहू द्या साहेब. माझ्या एका बोटापायी एवढ्या माणसांचं बक्षीस कशाला घालवायचं? उद्या त्यांच्यातच बसायचंय मला."

तीनशेव्या दिवशी पेढे वाटले. ग्रुप फोटो काढला. काकांनाही डिनर सेट मिळाला. खोकं त्यांनी उजव्या काखेत धरलं होतं.

त्याच ऑक्टोबरात, माझ्या वाट्याचं खोकं खोलीत न उघडता पडलेलं असताना, एसटी स्टँडवर घेतलेल्या पेपरात मी पहिल्यांदा मो इब्राहिम हे नाव वाचलं. सुदानमध्ये जन्मलेला, ब्रिटनमध्ये स्थायिक झालेला टेलिकॉम इंजिनिअर. १९९८ मध्ये त्याने सेलटेल नावाची कंपनी काढली, जिथे धड लँडलाइन नव्हती अशा आफ्रिकी देशांत मोबाइलचे टॉवर उभे केले आणि २००५ मध्ये कंपनी कुवेतच्या एमटीसीला ३.४ अब्ज डॉलरना विकली. (एमटीसीची पुढे झैन झाली आणि २०१० मध्ये झैनचा आफ्रिकेतला धंदा आपल्या भारती एअरटेलने १०.७ अब्ज डॉलरना घेतला. कुठली गाठ कुठे जुळते बघा!) हातात पैसा आल्यावर साहेबांनी २००६ मध्ये फाउंडेशन काढलं आणि बक्षीस जाहीर केलं. पन्नास लाख डॉलर, दहा वर्षांत वाटून. त्यानंतर मरेपर्यंत दरवर्षी दोन लाख डॉलर. तेव्हाच्या भावाने मूळ रक्कमच वीस कोटींच्या घरात जात होती. नोबेलपेक्षा मोठी!

अटी मात्र कडक. माणूस आफ्रिकेतल्या देशाचा प्रमुख असावा, निवडून आलेला असावा, घटनेने दिलेली मुदत पाळलेली असावी, आणि मुख्य म्हणजे गेल्या तीन वर्षांत त्याने खुर्ची सोडलेली असावी. बसलेल्याला काही नाही.

पहिलं बक्षीस मिळालं मोझांबिकचे माजी राष्ट्राध्यक्ष जोकिम चिसानो यांना. घोषणा झाली २२ ऑक्टोबर २००७ ला, नेमका त्यांचा ६८वा वाढदिवस! वाढदिवसाला एवढं मोठं गिफ्ट मिळालेला दुसरा माणूस मला तरी माहीत नाही.

माझी पहिली प्रतिक्रिया काय असेल, तुम्ही ओळखलंच असेल. हा तर डिनर सेट! फक्त आकाराने मोठा. उद्या प्रत्येक राष्ट्राध्यक्षाच्या बंगल्याच्या गेटवर काळा फळा लागेल आणि कुठल्या तरी ट्रेनीकडून 'किरकोळ दुखापत' लिहून घेतली जाईल. चिसानोंचंच बघा. १९८६ पासून २००५ पर्यंत ते सत्तेवर होते. १९९२ मध्ये त्यांनी भयानक यादवी युद्ध थांबवलं, तह केला, निवडणुका घेतल्या. पुन्हा उभं राहायची मुभा असताना राहिले नाहीत. हे सगळं मोठंच. पण त्यांच्याच काळात, २००० मध्ये, बँकेतल्या घोटाळ्याच्या मागे लागलेल्या कार्लोस कार्दोसो या पत्रकाराचा राजधानीत भर रस्त्यात खून झाला होता. ही नोंद कुठल्या रजिस्टरमध्ये करायची?

आणि बक्षिसांचा अनुभव आपल्याला काय कमी आहे? आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. गावंच्या गावं झाडू घेऊन उतरली. ज्यांनी ते दिवस पाहिलेत ते अजून सांगतात की सरकारी कामात असा उत्साह पुन्हा दिसला नाही. केंद्राने २००३ मध्ये निर्मल ग्राम पुरस्कार काढला, लोकसंख्येप्रमाणे ग्रामपंचायतीला ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत. पैसे गावाला, सरपंचाच्या खिशात नाही, हे बरंच केलं. पण महाड-पोलादपूर पट्ट्यात मी ट्रेनी असतानाच एका निर्मल गावी सहकाऱ्याच्या घरी जेवायला गेलो होतो. कमानीवर बक्षिसाची पाटी, आणि घरामागच्या संडासात छतापर्यंत रचलेली फाटी. पावसाळ्याची बेगमी! वहिनी हसून म्हणाल्या, "तपासणी झाली ना भाऊजी, आता कोण बघतंय?"

हे झालं बक्षिसाच्या विरोधात. माझं हे मत साधारण दोन-अडीच महिने टिकलं. मग डिसेंबरात एका रविवारी रूममेटबरोबर मी रायगडावर गेलो.

महाडपासून रायगड पाऊण तासावर. तोवर शाळेच्या सहलीतच काय तो पाहिलेला. त्या दिवशी जगदीश्वराच्या देवळापाशी गाइड एका ग्रुपला पायरी दाखवत होता. पायरीवर अक्षरं आहेत, 'सेवेचे ठायी तत्पर', आणि पुढे हिरोजी इंदुलकरांचं नाव. गड बांधणारा हा माणूस. गोष्ट अशी सांगतात की काम बघून महाराज खूश झाले आणि म्हणाले, काय हवं ते माग. हिरोजींनी ना जमीन मागितली, ना पैसा. देवळाच्या पायरीवर नाव कोरायची परवानगी तेवढी मागितली, म्हणजे दर्शनाला येणाऱ्या महाराजांची पायधूळ त्यावर पडेल. ग्रुपमधल्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा रूममेट (हाही कारखान्यातलाच, अकाउंट्समधला) कानात पुटपुटला, "म्हणजे पगार वेळेवर मिळत होता."

मी हसलो. नंतर उतरताना, त्या न संपणाऱ्या पायऱ्यांवर गुडघे बोंबलत असताना, तेच वाक्य डोक्यात घोळायला लागलं. कारण ते खरंच आहे! शिवाजी महाराजांच्या कारभाराचं जे वैशिष्ट्य आपण शाळेत चार मार्कांसाठी पाठ केलं होतं ते हेच. अधिकाऱ्याला, किल्लेदाराला शक्यतो रोख पगार. कामाच्या बदल्यात नवं वतन द्यायचं नाही. का? वतन म्हणजे नुसती जमीन नव्हे. बापाकडून मुलाकडे जाणारी सत्ता. एकदा वतन मिळालं की माणूस तिथे मुळं धरतो, गढी बांधतो, मग त्याला हलवायची कोणाची टाप नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५-१६ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात या वतनदारांविषयी जे सावध केलंय ते आजही वाचण्यासारखं आहे. आणि राजाराम महाराजांच्या काळात, मोगल दाराशी आलेले असताना, सरदार टिकवून धरायला पुन्हा वतनं द्यावी लागलीच. पुढे त्याच वतनदारांनी काय काय केलं, तो इतिहास सगळ्यांना माहीत आहे.

तर सांगायचा मुद्दा असा की रोख रकमेत वाईट काहीच नाही. उलट रोख बरी. रोख दिली की हिशोब मिटतो. खुर्चीच दिली की तो पिढ्यान्‌पिढ्या चालू राहतो.

आता आफ्रिकेकडे बघा. (आणि फक्त आफ्रिकेकडेच कशाला, आजूबाजूलाही बघा.) तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं खुर्ची न सोडणाऱ्या माणसाने काय केलेलं असतं? देशाचं वतन केलेलं असतं. तो का सोडत नाही? हावरट असतो म्हणून, हे झालंच. पण सोडल्यावर जायचं कुठे, हाही प्रश्न असतो. इब्राहिमचं म्हणणंच असं की युरोपातला पंतप्रधान निवृत्त झाला की कंपन्यांच्या बोर्डावर बसतो, भाषणांचे पैसे घेतो, आठवणी लिहितो. आफ्रिकेतला प्रामाणिक माणूस निवृत्त झाला की त्याला घरसुद्धा कोणाच्या तरी मेहेरबानीने मिळवावं लागतं. आणि मेहेरबानी करणारा बहुतेक वेळा कालचा कंत्राटदार असतो.

आमची एचआरवाली इथे भांडली. "पण हा अपमान नाही का? कर्तव्य केलं म्हणून पैसे? आणि आफ्रिकेलाच का?" तिचं अर्धं म्हणणं पटतं. गोऱ्या देशांतल्या लबाडांसाठी कोणी असं बक्षीस काढत नाही, हे खरं. पण हे बक्षीस काढणारा माणूस आफ्रिकेतच जन्मलाय आणि पैसा त्याचा स्वतःचा आहे. त्याने आपल्या घरच्यांना बोलावं, त्याला कोण अडवणार? शिवाय आपण तरी काय वेगळं करतो? महाराष्ट्रात माजी आमदारांची पेन्शन २०१६ मध्ये महिना ५० हजार झाली. त्यासाठी चांगल्या कारभाराची अट सोडाच, कारभाराचीसुद्धा अट नव्हती! तिथे निदान कोणीतरी बसून तपासतं आणि बहुतेकांना नाही म्हणतं.

हे 'नाही' म्हणणंच मला या बक्षिसात सगळ्यात आवडतं. २००८ चं बोट्स्वानाचे फेस्टस मोगाए यांना मिळालं. मग २००९ आणि २०१० मध्ये कोणालाच नाही. २०११ मध्ये केप व्हर्डचे पेड्रो पिरेस. २०१२ आणि २०१३, पुन्हा कोणी नाही. २०१४ मध्ये नामिबियाचे पोहाम्बा, २०१७ मध्ये लायबेरियाच्या एलन जॉन्सन सर्लीफ, २०२० मध्ये नायजरचे इसुफू. पहिल्या चौदा वर्षांत विजेते सहा. शिवाय २००७ मध्ये मंडेलांना मानाचं म्हणून दिलं ते वेगळं. विचार करा, तुमच्या कंपनीने जाहीर केलं की यंदा 'एम्प्लॉयी ऑफ द इयर' कोणीच नाही, कारण लायक कोणी सापडलं नाही... केवढा हल्लकल्लोळ! आमच्या कारखान्यात एखाद्या वर्षी असं म्हटलं असतं, की यंदा फळ्याला बक्षीस नाही, पण मागच्या वर्षी ज्याने खरं ते लिहिलं त्याला देऊ, तर माझी ती नोंद कदाचित वेगळी झाली असती. कदाचित. तेवीस वर्षांच्या स्वतःवर मी फार विश्वास ठेवत नाही.

आणखी एक फरक आहे. फळ्यावरचा आकडा खोटा लिहिता येतो. संडासात फाटी भरता येतात. पण खुर्ची सोडणं ही नोंद खोटी करणं जरा अवघड जातं. एक तर तुम्ही बसलेले असता, नाहीतर नसता. हां, बायकोला बसवून मागून कारभार हाकणारे आपले 'सरपंचपती' आहेतच, ही कला जगभर असणार. सगळ्याच अटींना पळवाट असते म्हणा.

रायगडाच्या वाटेवर नाते नावाचं गाव लागतं. तेव्हा मी तिथून दोनदा गेलो आणि मला काहीच माहीत नव्हतं. नंतर कळलं की चिंतामणराव देशमुख, सी. डी. देशमुख, यांचा जन्म तिथला, १८९६ चा. आयसीएसला पहिला नंबर, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० पासून देशाचे अर्थमंत्री. १९५२ मध्ये याच कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. (रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा होता.) आणि १९५६ च्या जुलैत मुंबई महाराष्ट्रापासून तोडली जातेय म्हणून त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. नेहरूंच्या मंत्रिमंडळातली दोन-तीन नंबरची खुर्ची! तीन वर्षांनी, १९५९ मध्ये, त्यांना शासकीय सेवेसाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला, फिलिपिन्सच्या होजे आगिलार यांच्याबरोबर विभागून. सन्मानपत्र, पदक आणि रोख रक्कम.

म्हणजे चांगल्या कारभारासाठी रोख बक्षीस ही आफ्रिकेतली अजब गोष्ट नाहीच. महाड तालुक्यातल्या माणसाला ते इब्राहिमच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी मिळालेलं आहे. इब्राहिमची अटसुद्धा जवळपास जुळते बघा, खुर्ची सोडून तीन वर्षं! पण मला यातली तारीख महत्त्वाची वाटते. रामोन मॅगसेसे हे फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष १९५७ मध्ये विमान अपघातात गेले, त्यानंतर त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला. देशमुखांनी राजीनामा दिला तेव्हा मॅगसेसे जिवंत होते आणि खुर्चीवर होते. पुरस्कार अस्तित्वातच नव्हता! तेव्हा बक्षीस मिळेल म्हणून त्यांनी राजीनामा दिला, असं त्यांचा शत्रूही म्हणू शकणार नाही. बक्षिसाने देशमुख घडवले नाहीत. ते घडलेलेच होते, बक्षिसाने फक्त शोधले.

मग बक्षीस किंवा पैशाची भीती माणसं घडवू शकते का? यावरही महाडच उत्तर देतं, आणि ते फार सुखाचं नाही. माझ्या खोलीपासून चवदार तळं चालत दहा मिनिटांवर होतं. संध्याकाळी मी तिथे जाऊन बसायचो. सी. के. बोले... नाही, चुकलो, एस. के. बोले, सीताराम केशव. त्यांनी १९२३ मध्ये मुंबईच्या कायदे मंडळात ठराव मांडला की सरकारी पैशातून बांधलेली पाणवठ्याची ठिकाणं, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. तो पास झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये आपलं तळं खुलं केल्याचा ठरावही केला. कागदावर सगळं चोख! प्रत्यक्षात तळ्यावर कोणी जाऊ शकत नव्हतं. मग १९२६ मध्ये बोल्यांनी दुसरा ठराव आणला, की ज्या नगरपालिका हे अमलात आणणार नाहीत त्यांचं सरकारी अनुदान बंद करावं. म्हणजे आजच्या भाषेत परफॉर्मन्स-लिंक्ड ग्रँट!

तरीही तळं खुलं झालं नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांना हजारो माणसांसह चालत जाऊन ओंजळभर पाणी प्यावं लागलं. त्यानंतर त्या माणसांनी मार खाल्ला, तळं 'शुद्ध' करून घेतलं गेलं, ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठरावच मागे घेतला, आणि प्रकरण कोर्टात गेलं ते मुंबई हायकोर्टात १९३७ मध्ये निकाल लागेपर्यंत चाललं. ज्यांना पाणी हवं होतं तेच चालून गेले. अनुदान जाईल या भीतीने नगरपालिकेतल्या कोणी एक घागर भरून दिली नाही.

ही मर्यादा इब्राहिमलाही आहेच. नायजरचंच बघा. इसुफूंनी दोन मुदती पूर्ण करून २०२१ मध्ये निवडून आलेल्या बाझूम यांच्याकडे सत्ता सोपवली. त्या देशात एका निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाने दुसऱ्याकडे सत्ता देण्याची ही पहिलीच वेळ. बक्षीस योग्य माणसाला मिळालं असं सगळ्यांना वाटलं. २६ जुलै २०२३ ला बाझूम यांच्याच सुरक्षेवरच्या सैनिकांनी त्यांना कैद केलं आणि लष्कराने सत्ता घेतली. पन्नास लाख डॉलरचं बक्षीस राष्ट्राध्यक्षाला होतं. बराकीतल्या जनरलला त्याचं काय सोयरसुतक?

तर आता कॅन्टीनच्या टेबलाला उत्तर. द्यावेत पैसे. खुर्ची सोडलेल्याला, सोडल्यानंतर, आणि लायक कोणी नसेल त्या वर्षी न देण्याची हिंमत ठेवून. त्याला बक्षीस म्हणण्यापेक्षा पेन्शन म्हणा, म्हणजे एचआरवालीला अपमानही वाटणार नाही. हावरट माणूस त्याने सुधारणार नाही. ज्याने स्विस बँकेत शेकडो कोटी ठेवलेत त्याला वीस कोटी म्हणजे चहापाणी. पण जो सरळ आहे त्याला म्हातारपणी कालच्या कंत्राटदाराच्या दारात उभं राहावं लागणार नाही. एवढंच काम त्या पैशाकडून होईल, आणि मला ते पुरेसं वाटतं. बसलेल्याला मात्र एक दमडी नको. त्याच्या हातात रजिस्टर असतं.

हे सगळं मी टेबलावर थोडक्यात सांगितलं. फायनान्सवाला म्हणाला, "ठीक आहे, पण तपासणार कोण? त्या समितीला कोण बक्षीस देतं?" त्याचं व्हेरिएबल या वर्षी निम्म्याने कापलंय, त्यामुळे त्याचा कुठल्याच समितीवर विश्वास उरलेला नाही. मी वाद घातला नाही.

महाड मी दीड वर्षात सोडलं. काकांशी शेवटचं बोलणं झालं ते गेटवरच, मिनिडोअरची वाट बघताना. फळा नव्याने एकपासून सुरू होऊन शंभरीच्या पुढे गेला होता. त्यांनी विचारलं, पुण्याला पगार किती मिळणार? मी सांगितला. ते म्हणाले, "मग बरंय." बोटाचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही.

डिनर सेट अजून आईकडे आहे. पाहुणे आले की ती तोच काढते. सहातली एक वाटी कुठेतरी हरवलीय, बाकी सगळं चकाचक. मावशीने एकदा विचारलं, कुठून घेतला गं एवढा छान? आई कौतुकाने म्हणाली, "ह्याला पहिल्या नोकरीत बक्षीस मिळाला." मी आमटी वाढून घेतली.